बाईंची प्रॉम्प्टर

एडमंटनच्या आमच्या मराठी मंडळाचं वार्षिक नाटक एकवीस वर्षं माझ्या घशावर चाललं, असं मी म्हणते आणि अजून कुणी ते खोडून काढलेलं नाही. आमचे नट म्हणजे हृदयाचे डॉक्टर, पाइपलाइनवाले इंजिनिअर, युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक. सगळे हुशार, सगळे बिझी आणि पाठांतराच्या नावाने पूज्य. मी विंगेत स्टुलावर बसून अख्खं नाटक वाचायची, नटाच्या अर्धं वाक्य पुढे. एका डॉक्टरांना तर 'या, बसा' एवढंसुद्धा द्यावं लागायचं. नट थांबला की वाक्य फेकायचं, एवढंच मला ठाऊक. शांतता झाली म्हणजे कुणीतरी विसरलं, आणि प्रेक्षकांत कुणी खोकायच्या आत ती बुजवायची.

बाईंची आणि माझी ओळख याच उद्योगातून झाली. बाई आमच्या कॉन्डोत, आमच्याच मजल्यावर, समोरच्या दाराआड एकट्या राहायच्या. मूळच्या इंग्लंडच्या, जुन्या नटी, ऐंशी ओलांडलेल्या. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच 'यू' चालतो, पण मनात मी त्यांना बाईच म्हणायची आणि अहोजाहोच करायची. एकदा लिफ्टमध्ये माझ्या हातात तीन नऊवारी, एक फेटा आणि नाटकाची संहिता बघून त्यांनी विचारलं, "कुठलं प्रॉडक्शन? तुझा रोल काय?"

मी म्हटलं, "रोल नाही. मी प्रॉम्प्टर."

त्यांनी हातातली ग्रोसरीची पिशवी लिफ्टमध्येच खाली ठेवली आणि माझ्याशी हात मिळवला. "प्रॉम्प्टर! मला वाटलं होतं, ती जमात संपली."

तेव्हापासून मी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांचा चहा फिका आणि माझा उकळलेला, त्यामुळे एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. चहाबरोबर त्यांचं आयुष्य मला हप्त्याहप्त्याने कळत गेलं. जन्म उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावी. वडील बसचे ड्रायव्हर. गावची बोली एका शिक्षिकेने दोन वर्षं शिकवणी घेऊन त्यांच्या जिभेवरून पुसून काढली, कारण त्या बोलीत स्टेजवर फक्त मोलकरणीच बोलायच्या. सतराव्या वर्षी समुद्रकाठच्या एका गावातल्या नाटक कंपनीत लागल्या. तिथे दर सोमवारी नवीन नाटक. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी या आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग, आणि मधल्या वेळात खोलीतल्या शेगडीवर अंडं उकडता उकडता पाठांतर. आमच्या डॉक्टरांना एका वर्षात एक नाटक पाठ होत नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

पुढे लंडन. तिथे एका बड्या नटीची बदली नटी म्हणून त्या दोन वर्षं रोज संध्याकाळी तयार होऊन बसायच्या, आणि ती नटी एकदाही आजारी पडली नाही. "घोड्याची प्रकृती होती तिची," बाई म्हणायच्या, "मी रोज देवाजवळ निदान सर्दी तरी मागायची." मग सिनेमे. नर्स, घरमालकीण, दुकानातली मुलगी. खुनाच्या सिनेमात तर त्या हमखास पहिल्या अर्ध्या तासात मरायच्या. एकाच सिनेमात मोठं काम मिळालं, त्याचं पोस्टर त्यांनी वॉशरूममध्ये लावलं होतं. "तिथे पाहुण्यांना ते नीट वाचायला वेळ मिळतो," असं कारण. मग एक नाटक घेऊन कॅनडाचा दौरा झाला, एडमंटनला हिमवादळात गाडी अडकली, आणि रेडिओवर मुलाखत घ्यायला आलेल्या माणसाशी त्यांनी लग्न केलं. लंडनचे लोक म्हणाले, वर्षभरात परत येईल. त्या गेल्या नाहीत. इथे नाटकं केली, टीव्हीवर आजीची कामं केली, पोरांना शिकवलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी व्हँकुव्हरला वकील, तिचा दर रविवारी दुपारी फोन.

दोन हजार सोळाच्या सप्टेंबरात बाईंना काम मिळालं. जुन्या चर्चच्या बेसमेंटमध्ये एक छोटं थिएटर होतं, तिथे एका इथल्याच लेखकाचं नवं नाटक एप्रिलमध्ये यायचं होतं. घर विकून टाकणाऱ्या म्हाताऱ्या आईचं काम. शेवटच्या प्रवेशात सव्वा पानाचं सलग भाषण. बाईंनी दार वाजवलं नाही, नुसत्या आत आल्या, हातात संहिता. "माझ्याबरोबर लाइन्स रन करशील? पाठांतराला समोर बसशील?"

मी हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! खरीखुरी नटी, आणि मी तिची प्रॉम्प्टर.

पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. त्या शेवटच्या भाषणात एका ठिकाणी, मुलाच्या खोलीचा उल्लेख आल्यावर, बाई थांबल्या. मी सवयीप्रमाणे पुढचं वाक्य फेकलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डार्लिंग, ती माझी जागा होती."

"मला वाटलं तुम्ही विसरलात."

"मी विसरले तर तुला कळेल. तोंडाकडे बघू नकोस, हातांकडे बघ. हात शोधायला लागले तर वाक्य दे. हात शांत असले तर तू पण शांत."

मला राग आला. एकवीस वर्षांचा अनुभव माझा, आणि ही बाई मला गप्प बसायला शिकवते! पण दुसऱ्या दिवशी मी हातांकडे बघितलं आणि त्यांचं म्हणणं पटलं. विसरल्या की त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी चाचपायची, चष्मा हरवल्यासारखी. स्वतःहून थांबल्या की दोन्ही हात स्वस्थ. त्यांनी माझ्या संहितेत पेन्सिलने प्रत्येक थांब्यावर छोटी उभी रेघ मारून दिली. तिथे मी ओठ मिटून बसायला शिकले. आमच्या ह्यांच्या मते लग्नाच्या छत्तीस वर्षांत हे कुणालाच साधलं नव्हतं.

ऑक्टोबरात एक दिवस माझीच बेल वाजली. बाहेर बाई, अंगात जाड विंटर कोट, पायात घरातल्या सपाता. म्हणाल्या, "हाफ अवर कॉल झाला का?" नाटकाच्या अर्धा तास आधी नटांना जी हाक देतात, ती. मला वाटलं गंमत करतायत. मीही म्हटलं, "अजून पहिली घंटासुद्धा नाही झाली." तर त्यांनी कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि विचारलं, "स्टेज कुठल्या बाजूला आहे?"

त्यांचा चेहरा बघून मला कळलं की यात गंमत नाही. मी त्यांना आत आणलं, कोट काढला, चहा दिला. पंधरावीस मिनिटांनी त्या जागेवर आल्या. आधी सपातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी काय म्हणाले?"

मी सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं का, ते मला आजही माहीत नाही.

कप बाजूला सारून त्या म्हणाल्या, "ही तिसरी वेळ. डॉक्टरांनाही संशय आहे. माझ्या मुलीला सांगू नकोस. तिला कळलं की ती पहिल्या फ्लाइटने येईल, मला घेऊन जाईल आणि मी पेशंट होईन. नाटक होईपर्यंत फक्त. एप्रिलपर्यंत मला नटी राहू दे."

मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरला होता, आणि मला त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी माझी ख्याती. मी ह्यांना संध्याकाळीच सांगून टाकलं. हे जेवता जेवता थांबले. "अगं, तिच्या मुलीला कळव. उद्या स्टोव्ह चालू राहिला तर? मायनस थर्टीत अशी सपाता घालून बाहेर गेली तर?"

"अहो, शब्द दिलाय मी."

"शब्द कसला देतेस! तू काय डॉक्टर आहेस?"

त्यांचं बरोबर होतं आणि मला ते कळत होतं. पण सकाळी बाईंकडे गेले की बाई पावडर लावून, संहिता उघडून बसलेल्या असायच्या, आणि मला वाटायचं, हे हिरावून घेणारी मी कोण? इकडे आड तिकडे विहीर. मी एक मधला मार्ग काढला, म्हणजे मी स्वतःची फसवणूक केली. त्यांची एक किल्ली माझ्याकडे ठेवली. दिवसातून चारदा जाऊन स्टोव्ह बघायची. बर्फ पडायला लागल्यावर त्यांचे बूट मी माझ्या घरी आणून ठेवले, म्हणजे बाहेर जायचं तर माझ्याकडे यावंच लागेल. हे सगळं करताना मला फार जबाबदार वाटायचं.

त्या हिवाळ्यात मला एकेक गोष्ट उमगत गेली. त्या सगळ्यांना डार्लिंग म्हणत. मला, पोस्टमनला, बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या सुपरला. मी समजायची, नाटकवाल्यांची रीत. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "माझं नाव घेऊन हाक मारा ना." बाई छान हसल्या, उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि बाहेरच्या बर्फाबद्दल बोलायला लागल्या. मी परत कधी तसं म्हटलं नाही.

गोष्टीही हलायला लागल्या. कंपनीचं गाव कधी पूर्वेला, कधी दक्षिणेला. बड्या नटीला आता एकदा सर्दी झाली होती, आणि बाई त्या रात्री तिच्या जागी उभ्या राहिल्या होत्या, लोक उभे राहिले होते. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून 'पण' एवढं निघालं आणि मी जीभ चावली. कधी कधी त्या अर्ध्यात थांबून विचारायच्या, "मग काय झालं?" आणि मी त्यांना त्यांचीच पुढची गोष्ट सांगायची. हिमवादळ, रेडिओ, नवरा. त्या मन लावून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "बरं झालं तिचं."

मात्र ते सव्वा पान जसंच्या तसं होतं. सकाळी नाश्ता केला की नाही ते आठवत नव्हतं, पण भाषणातला एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. रविवारचा फोनही असाच. फोनवर बाई दहा मिनिटं अप्रतिम काम करायच्या. हवा, तालीम, व्हँकुव्हरचा पाऊस, हशा. फोन ठेवला की घामाने डबडबलेल्या असायच्या. फेब्रुवारीत एकदा मुलगी म्हणाली, जरा शेजारणीला फोन दे. माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "टेल मी ऑनेस्टली, आई ठीक आहे ना? मी एक आठवडा येऊन जाऊ का?"

बाई समोर सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या.

"शी इज ग्रेट," मी म्हटलं. "रोज पाठांतर करते. तू नाटकालाच ये ना."

"थँक गॉड तुम्ही आहात," ती म्हणाली.

इथल्या नाटकांत प्रॉम्प्टर ही भानगड उरलेली नाही. सगळे पाठ करून उभे राहतात, विसरले तर आपसांत सावरून घेतात. पण दिग्दर्शिका शहाणी होती, बाईंचं वय बघून तिने मला सेटच्या खिडकीच्या पडद्यामागे एक स्टूल दिलं. तिथून मला बाईंची खुर्ची आणि त्यांचे हात स्पष्ट दिसायचे. एप्रिलात चारच प्रयोग होते. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी मी एक अक्षर बोलले नाही. बाई विंगेत येताना माझ्या आधाराने यायच्या, उजेडात पाऊल टाकलं की पाठ ताठ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते टोमणा म्हणून, पण त्या तीन प्रयोगांत मी तो पीळ डोळे भरून बघितला.

रविवारी दुपारी शेवटचा प्रयोग. मुलगी सकाळच्या फ्लाइटने आली आणि थेट थिएटरवर पोचली. हे तिसऱ्या रांगेत, तिच्या शेजारी.

शेवटचं भाषण सुरू झालं. मुलाच्या खोलीचा उल्लेख आला आणि बाई थांबल्या, पेन्सिलच्या रेघेवर, बरोबर. मी हात बघितले. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, अगदी स्वस्थ. रोज मी मनात पाचपर्यंत मोजायची, पाचला बाई बोलायच्या. पाच झाले. सात झाले. हात स्वस्थ. दहा झाले तेव्हा वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं, कारण हात शांत तर तू पण शांत. पंधरा. प्रेक्षकांत कुणी खोकलं नाही. उलट कुणीतरी हुंदका दिला. वीस. मुलाचं काम करणारा नट बाईंकडे टक लावून बघत होता, भारावल्यासारखा.

मग बाईंनी मान वळवून थेट माझ्या खिडकीकडे बघितलं आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "माफ करा, इथे कुणी राहतं का?"

हे नाटकात नव्हतं. विसरलेला माणूस शोधतो, म्हणून त्याची बोटं हलतात. बाई काही शोधतच नव्हत्या. त्यांच्या बाजूने सगळं ठीक होतं. मी तोंड उघडलं, पण यावर मी कुठलं वाक्य देणार होते? पानावर जे होतं ते आता कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. मी स्टुलावर तशीच बसून राहिले. आयुष्यात इतकं लाचार मला कधी वाटलं नाही, माझी आई तिकडे भारतात वारली आणि मी पोचू शकले नाही तेव्हाही नाही.

तो नट पुढे झाला, त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "कुणी नाही, आई. आता कुणी नाही राहत." दिग्दर्शिकेने दिवे मालवले. दिवे परत आले तेव्हा अख्खं थिएटर उभं होतं. लोक रडत टाळ्या वाजवत होते. आणि बाई उठल्या, दोन पावलं पुढे आल्या, उजवा पाय मागे घेऊन इतका सुरेख लवून नमस्कार केला की टाळ्या दुप्पट झाल्या.

बाहेर लॉबीत मुलगी माझ्या गळ्यात पडली. "तो पॉज! ओ माय गॉड, तो पॉज! मी तिला लहानपणापासून बघतेय, हे तिने कधीच केलं नव्हतं. आणि ती लाइन!" तिच्या हातात फुलं होती, ती माझ्या खांद्यावर चुरगळली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आता नाटक झालं होतं. शब्द संपला होता.

मी तिला बाजूला कोटांच्या स्टँडपाशी नेलं आणि सांगितलं. ती लाइन नाटकातली नव्हती, हेही सांगितलं.

ती रडली नाही. फुलं खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"ऑक्टोबरपासून."

तिने बोटांवर महिने मोजले. खरंच मोजले, लहान मुलीसारखे. "मी दर रविवारी फोन करत होते. मी विचारलं होतं तुम्हाला. मी ख्रिसमसला आले असते. ती मला ओळखत होती तोवर मी इथे राहिले असते." मग शांतपणे म्हणाली, "ते सहा महिने तुम्ही घेतलेत."

मी शब्द दिला होता, असं मी म्हणाले. ते किती हलकं वाटलं, म्हणताना मलाच ऐकू आलं.

आठवड्याभरात ती बाईंना व्हँकुव्हरला घेऊन गेली. मी बूट परत नेऊन दिले, ते सामानात भरायचे राहिले होते. तिकडे एका केअर होममध्ये खोली मिळाली. उन्हाळ्यापर्यंत बाईंचं बोलणं बरंचसं गेलं. मला वाटलं होतं मुलगी माझं तोंड पुन्हा बघणार नाही. पण जूनमधल्या एका रविवारी दुपारी, आईला करायची त्याच वेळेला, तिचा मला फोन आला. म्हणाली, राग गेलेला नाही, पण दुसरं कुणाला विचारू? आजोबा काय करायचे? आई घर सोडून कंपनीत गेली तेव्हा ते काय म्हणाले? आईला लंडनला परत जावंसं वाटत होतं का? वडील असताना घरात या गोष्टी निघायच्या नाहीत आणि नंतर तिला कामातून वेळ मिळाला नव्हता.

मला जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. दर रविवारी सांगत गेले. सर्दीची गोष्ट मी दोन्ही प्रकारे सांगितली आणि खरी कुठली ते मला माहीत नाही, हेही सांगितलं. पलीकडे ती लिहून घ्यायची, पेनाचा आवाज यायचा.

सप्टेंबरात एकदा प्रश्न संपले असं वाटलं. ती फोन ठेवेना. मग म्हणाली, "माझा जन्म झाला तेव्हाचं काही सांगितलं तिने? ती खूश होती का? की काम सुटलं म्हणून..."

बाईंनी मला सगळं सांगितलं होतं. शेगडीवरचं अंडं, बड्या नटीचे गाऊन, हिमवादळ, नवऱ्याचा आवाज. सबंध हिवाळाभर रोज दुपारी त्या बोलत होत्या, आणि मुलीच्या जन्माबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

"खूप खूश होती," मी म्हटलं. "नेहमी सांगायची."

पलीकडून पेनाचा आवाज आला.